सगळीकडे सारखं

दिवाळीच्या आधीची गर्दी. मिक्सरचं भांडं बदलून घ्यायला मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात उभी होते आणि माझ्या पुढे एक जोडपं मायक्रोवेव्ह बघत होतं. दाखवणारा मुलगा चुणचुणीत होता. त्याने दार उघडलं, आतली काचेची तबकडी बोटाने गर्रकन फिरवली आणि म्हणाला, "मॅडम, गॅसवर कसं असतं, खालून करपतं आणि वर कच्चं. याचं तसं नाही. हा आतून बाहेर तापवतो. सगळीकडे सारखं. एका डिग्रीचा फरक सापडणार नाही." बाई खूश झाल्या. नवऱ्याने फोन काढून ऑनलाइन भाव बघायला सुरुवात केली. मी त्या फिरणाऱ्या तबकडीकडे बघत राहिले. सगळीकडे सारखंच तापत असतं, तर ही फिरवायची गरजच काय होती? प्रश्न अगदी ओठांवर आला होता, पण सणासुदीला कुणाचा सौदा कशाला मोडा. भांडं घेतलं आणि निघाले.

ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. रात्री ओटा पुसताना आठवलं, दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी घेताना आठवलं. 'एका डिग्रीचा फरक सापडणार नाही.' त्या मुलाला बोलायला काही लागलं नाही. मी मात्र उमेदीची कितीतरी वर्षं हेच वाक्य छातीठोकपणे म्हणता यावं म्हणून धडपडणाऱ्या माणसांमध्ये काढली आहेत. त्यांना काही शिजवायचं नव्हतं. सिलिकॉनची एक पातळ चकती, जिच्यावर चिप बनतात आणि जिला आम्ही वेफर म्हणतो, मध्यापासून कडेपर्यंत एकसारखी तापवायची, एवढंच त्यांचं मागणं. आणि गंमत अशी, की आता त्याच चकत्या तापवायला मायक्रोवेव्हही पुढे आला आहे. म्हणजे दुकानातलं ते वाक्य फिरून आमच्याच धंद्यात आलं.

शिकत होते तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत एक आडवी भट्टी होती. धूर-निखाऱ्यांची नव्हे. क्वार्ट्झची लांब पारदर्शक नळी, तिच्याभोवती तारांची वेटोळी, त्या वेटोळ्यांचे तीन भाग आणि प्रत्येक भागाला वेगळा कंट्रोलर. नळीची टोकं उष्णता गमावतात, म्हणून टोकांच्या भागांना मधल्यापेक्षा जरा जास्त वीज द्यायची. मग मधे कुठेतरी हातभर लांबीचा पट्टा असा मिळतो, की तिथे थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी धातूची तार, कुठेही सरकवा, आकडा हलत नाही. भट्टी सांभाळायला एक काका होते. पांढरा झगा, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, त्यामुळे मला त्यांचे डोळे तेवढे ओळखीचे. क्वार्ट्झच्या बोटीत वेफर उभे लावायचे, पुढे आणि मागे एकेक-दोन डमी वेफर ठेवायचे, म्हणजे टोकाचा त्रास ते सोसतील आणि मधले खरे वेफर सुखरूप राहतील. मग क्वार्ट्झच्याच लांब दांड्याने बोट आत ढकलायची. मी ढकलायला लागले की काका दांड्यावर हात ठेवायचे. "सावकाश गं. एकदा वाकला ना वेफर, की जन्मभर वाकडा."

आत हजार अंश. नळीच्या तोंडातून डोकावलं की नारिंगी-पिवळा उजेड असा दाटलेला दिसायचा, की भिंत कुठली, बोट कुठली आणि वेफर कुठला ते काही क्षणांनी कळेनासं व्हायचं. मला ते फार नवलाचं वाटे. पुढे विकिरणाचे धडे शिकले तेव्हा उमगलं, की ते दिसेनासं होणं हीच तापमान सारखं झाल्याची खूण होती. बंद पोकळीत सगळंच एका तापमानाला आलं, की एकाचा उजेड दुसऱ्याहून वेगळा उरत नाही. काकांना हे पुस्तकातून माहीत नव्हतं. "दिसेनासा झाला, आता घड्याळ लाव," एवढंच ते म्हणत.

वेफर बाहेर आला, की खरी परीक्षा. ऑक्सिजनमध्ये तापवलेल्या सिलिकॉनवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि थराच्या जाडीप्रमाणे त्याला रंग येतो. शंभरेक नॅनोमीटरला तांबूस जांभळा, एकशेवीसला गडद निळा, दीडशेला धातूची चमक असलेला फिकट निळा. भट्टीत जिथे जरा जास्त तापलं तिथे थर जाड, म्हणून तिथला रंग पुढचा. काका वेफर चिमट्याने कडेला धरून ट्यूबलाइटखाली तिरका करायचे आणि बघताक्षणी सांगायचे, "कडेला कमी बसलाय." मला आधी काहीच दिसत नसे. मग डोळा सरावला. मधे निळा आणि कडेला केसाइतकी जांभळी झाक. काही अंशांचा फरक असा डोळ्यांनी बघता येतो, हे कळल्यावर मला जगात जिथेतिथे कडा दिसू लागल्या. घरी आईने केलेल्या धिरड्यावरही मी मधला आणि कडेचा रंग तपासायचे. आई म्हणायची, "खा मुकाट्याने."

त्या जुन्या भट्टीचं मोठेपण मला मायक्रोवेव्हबद्दल वाचायला लागल्यावर समजलं. भट्टीत चारी बाजूंच्या भिंती हजार अंशांवर असतात. वेफरचा जो भाग मागे आहे, त्याच्यात आणि भिंतीत फरक जास्त, म्हणून त्याला उष्णता जास्त मिळते. जो पुढे गेला आहे त्याला कमी. भिंतीच्या वर कुणालाच जाता येत नाही. म्हणजे फरक पडला तरी तो आपोआप मिटत जातो. तुम्ही फक्त थांबायचं. भट्टीला हुशारी लागत नाही, वेळ लागतो. आणि गाडी अडली ती याच वेळेवर.

सिलिकॉनसारख्या अर्धवाहकाला कामाचं बनवायचं तर त्यात बोरॉन, फॉस्फरस किंवा आर्सेनिकचे अणू घुसवावे लागतात. ते आयनांच्या रूपात वेगाने आदळवतात. त्या माऱ्यात स्फटिकाची नीट बांधलेली जाळी मोडते आणि नवे अणू जिथे अडकले तिथेच लटकून राहतात. तापवल्यावर जाळी पुन्हा जुळते, नवे अणू सिलिकॉनच्या जागांवर बसतात आणि मगच ते विजेच्या कामी येतात. याला अ‍ॅनीलिंग म्हणतात. पण तापलेल्या स्फटिकात हे अणू जागेवर बसतात तसेच भटकतातही. ओल्या अंगणात काढलेल्या रांगोळीचे रंग एकमेकांत उतरावेत, तशी काळजीने आखलेली हद्द फुटते. ट्रान्झिस्टरची मापं मायक्रॉनमध्ये होती तोवर थोडं फुटलं तरी चालून जायचं. आता हद्दी काही नॅनोमीटरच्या आहेत. सिलिकॉनच्या जाळीचं एक घर ०.५४३ नॅनोमीटरचं, म्हणजे पाच नॅनोमीटरमध्ये जेमतेम नऊ घरं. तिथे हजार अंशांवर अर्धा तास थांबा म्हणणं शक्यच नाही.

म्हणून मधल्या काळात दिवे आले. टंगस्टन-हॅलोजनच्या दिव्यांची दाटीवाटीने भरलेली छप्परं, खाली गरगर फिरणारा वेफर, हजार-साडेदहाशे अंश आणि शिखरावर एखादाच सेकंद. पुढे क्षणभरच लखलखणारे फ्लॅश दिवे आणि लेसर आले, तिथे हिशोब मिलिसेकंदांत. मी त्या यंत्रांवर काम केलं आहे आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. प्रेम म्हणाल तर नाही. वेग आला, पण भट्टीचा तो आपोआप समजूतदारपणा गेला. आता प्रत्येक दिव्याचं आणि वेफरच्या प्रत्येक वर्तुळाचं गणित माणसाने करायचं. वर कडेचा जाच आहेच. मधे आणि कडेला दहा अंशांचा फरक पडला, तर ३०० मिलिमीटरच्या वेफरचा व्यास बारा-तेरा मायक्रॉननी वेगवेगळा व्हायला बघतो. तापलेलं सिलिकॉन तेवढा ताण सोसत नाही. स्फटिकाचे थर एकमेकांवरून घसरतात आणि कडेपासून आत सरळ, बारीक रेषा उमटतात. पहिल्यांदा त्या पाहिल्या तेव्हा मला वेफर कुणीतरी ब्लेडने ओरखडला असंच वाटलं होतं.

आणि मग मायक्रोवेव्ह.

दावा आकर्षक होता. जे काम हजार अंशांवर होतं, ते चार-साडेचारशे ते सहाशे अंशांत करून दाखवतो. एवढ्या कमी तापमानाला अणू फारसे भटकत नाहीत, म्हणजे हद्द शाबूत. ऊर्जा बाहेरून कातडीवर ओतायची नाही. लहर आत शिरते आणि पदार्थ स्वतःच तापतो. दुकानातला मुलगा जे 'आतून बाहेर' म्हणत होता, ते अन्नाच्या बाबतीत अर्धवटच खरं आहे, कारण पाणीदार अन्नात ही लहर एक-दोन सेंटिमीटरमध्ये दमते. वेफरची गोष्ट वेगळी. तो पाऊण मिलिमीटर जाड, ७७५ मायक्रॉन. इतक्या पातळ चकतीत जाडीचा प्रश्नच नाही. उष्णता पापणी लवायच्या आत आरपार जाते. प्रश्न आहे तो पसाऱ्याचा. मध्यापासून कडेपर्यंत उष्णतेला स्वतःच्या पायांनी जायचं तर मिनिटं लागतात. शिवाय सिलिकॉन थंड असताना उष्णता चांगली वाहून नेतं, तांब्याच्या एक-तृतीयांशाहूनही जास्त, पण सातशे अंशांच्या पुढे ही क्षमता पाचपटीने घसरलेली असते. म्हणजे बरोबरी साधायची गरज जसजशी वाढते, तसतशी ताकद कमी होते.

पण खरी मेख याहून खोल आहे. घरच्या मायक्रोवेव्हमध्ये मुख्यतः पाण्याचे रेणू लहरीबरोबर घुसळले जातात. सिलिकॉनमध्ये असे घुसळले जाणारे रेणू नाहीत. तिथे लहरीची ऊर्जा घेतात ते मोकळे फिरणारे विद्युतभार. शुद्ध, थंड सिलिकॉनमध्ये ते इतके थोडे असतात, पाच लाख कोटी अणूंमागे एखादा, की लहर जवळजवळ आरपार निघून जाते. वेफर ढिम्म थंड. पण कसाबसा तापायला लागला, की सुरुवातीला दर नऊ-दहा अंशांना या भारांची संख्या दुप्पट होत जाते. जास्त भार म्हणजे जास्त ऊर्जा शोषली जाणार, म्हणजे आणखी ताप, म्हणजे आणखी भार. आता वेफरच्या एका कोपऱ्यात सुरुवातीला दोनच अंश जास्त आहेत असं समजा. भट्टीत तो कोपरा आपोआप मागे खेचला गेला असता. इथे तोच कोपरा लहरीतला मोठा वाटा ओढून घेतो आणि पुढे पळतो. ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळतं. इथून समाजावर घसरायचा मोह होतो, पण मी सिलिकॉनचंच बोलते. या पळण्यालाही हद्द आहे. एखाद्या भागात भार फारच वाढले, की तो धातूसारखा वागतो आणि लहर परतवून लावतो. पण ती हद्द येईपर्यंत नकाशा बिघडलेला असतो. शिवाय खऱ्या चिपवर कुठे डोपिंग, म्हणजे बाहेरचे अणू घुसवणं, जास्त, कुठे कमी. म्हणजे मुळातच सगळे कोपरे सारखे नसतात.

एकीकडे फरक मिटवणारी उष्णता आणि दुसरीकडे फरक वाढवणारी. माझ्या मते भट्टी आणि मायक्रोवेव्ह यांच्यातला मोठा भेद हाच आहे. कमी तापमान, वेळेची बचत, विजेचं बिल हे सगळं त्यानंतर.

हे झालं पदार्थाचं. लहरीचेही नखरे आहेत. धातूच्या बंद पेटीत लहर भिंतींवर आपटून परत येते, येणारी आणि जाणारी एकमेकींत मिसळतात आणि पेटीत काही जागा कायमच्या तीव्र, काही कायमच्या निपचित होऊन बसतात. घरच्या मायक्रोवेव्हची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ, लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, म्हणजे दोन तीव्र जागांमध्ये साधारण सहा सेंटिमीटर. बघायचं असेल तर तबकडी काढून ठेवा आणि उडदाचा मोठा पापड आत सपाट ठेवून थोडा वेळ चालवा. पांढरे फुगलेले डाग आणि त्यांच्यामध्ये कच्चे, पिवळट पट्टे. विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी करून दाखवते, कारण फळ्यावर कितीही वक्ररेषा काढल्या तरी एका पापडाइतकं कुणाला काही पटत नाही. डाग मोजून झाले की पापड खाल्ला जातो. कच्चे पट्टे मात्र कुणी खात नाही.

वेफरसाठी बरेच जण ५.८ गिगाहर्ट्झ वापरतात. तिथे लहर पाचेक सेंटिमीटरची, तीव्र जागा अडीच-पावणेतीन सेंटिमीटरवर. डाग जास्त, पण जवळजवळ. उष्णतेला निम्मं अंतर कापायला चौथाई वेळ पुरतो, त्यामुळे जवळचे डाग आपसात लवकर मिटतात. एकाच्या जागी अनेक मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहर तयार करणाऱ्या नळ्या, लावायचे, वेफर फिरवायचा, हे उपाय वरकरणी साधे, पण कामाचे. अमेरिकेत ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत निघालेली युक्ती मला या सगळ्यांत देखणी वाटते. वारंवारता एकच ठेवायची नाही. सहा-सात गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ४०९६ वारंवारतांवरून भराभर सरकत राहायचं. प्रत्येक वारंवारतेचे डाग वेगळ्या जागी पडतात आणि एकाही डागाला मुक्काम करायला वेळ मिळत नाही. धातूच्या रेषा असलेला वेफरही त्यात ठिणग्या न उडता तापतो. वेफरवर चढवलेले पॉलिमरचे थर पक्के करायला ही पद्धत वापरली जाते.

दुसरा उपाय सिलिकॉन कार्बाइडच्या चकत्यांचा. वेफरच्या वर एक, खाली एक. सिलिकॉन कार्बाइड थंड असतानाही मायक्रोवेव्ह शोषतं. त्यामुळे आधी या चकत्या तापतात, त्यांच्या उष्णतेने मधला वेफर तापतो, त्यात पुरेसे भार मोकळे झाले की मग तो स्वतः लहर घ्यायला लागतो. चकत्या त्याच्या कडा सांभाळतात आणि पुढे पळणाऱ्या कोपऱ्याला आवर घालतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आवरेना. म्हणजे एवढं करून शेवटी मायक्रोवेव्हच्या पोटात एक छोटी भट्टीच बांधली की! काका आता नाहीत. असते तर मास्कच्या आत हसले असते.

२०२२ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या जेम्स ह्वांग यांच्या गटाने तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीबरोबर केलेलं काम 'अप्लाइड फिजिक्स लेटर्स'मध्ये आलं, ते वाचून मात्र मी सावरून बसले. नव्या ट्रान्झिस्टरमध्ये सिलिकॉनचे अतिपातळ पापुद्रे एकावर एक असतात आणि त्यांत फॉस्फरस इतका भरावा लागतो, की तो सिलिकॉनमध्ये एरवी मावतच नाही. मावण्याच्या पलीकडे कोंबलेले अणू कामाला लागत नाहीत, नुसती अडगळ होतात. या गटाने एक मायक्रोवेव्ह ओव्हन घेऊन त्यात असे फेरफार केले, की आतली स्थिर लहर कुठे उभी राहावी हे निवडता यावं. म्हणजे बाकीचे लोक ज्या डागांना पळवून लावायला बघत होते, त्यांनाच यांनी हव्या त्या जागी आणून बसवलं, आणि जास्तीचा फॉस्फरस कामाला लावून दाखवला. मला हा उलटा विचार फार आवडला. अर्थात एवढ्याने उद्या सगळे कारखाने मायक्रोवेव्ह घेतील असं नाही. लहानशा नमुन्यावर जागा निवडणं वेगळं आणि ३०० मिलिमीटरचे वेफर एकापाठोपाठ एक, दिवसरात्र, सगळे एकसारखे काढणं वेगळं.

माझी एक वर्गमैत्रीण परदेशात एका फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात आहे. तिला हा लेख पाठवला तर तिचा रात्री उशिरा फोन. "अगं, सगळं खरं, पण तापमान मोजलं कसं ते आधी बघत जा." ती कॉलेजपासून अशीच, आणि इथे तर तिचं म्हणणं लाखमोलाचं आहे. भट्टीत आम्ही थर्मोकपल घालायचो. मायक्रोवेव्हमध्ये धातूची तार घातली की ती अँटेना होते, स्वतः तापते, ठिणग्या टाकते आणि आसपासची लहर बिघडवते. म्हणून लांबून पायरोमीटरने बघायचं, म्हणजे पदार्थ जो अवरक्त उजेड फेकतो त्यावरून ताप ओळखायचा. पण साधारण सहाशे अंशांच्या खाली सिलिकॉन त्याच अवरक्त उजेडाला बऱ्यापैकी पारदर्शक असतं. त्याची उजेड फेकायची ताकद तापमानाबरोबर बदलते, डोपिंगबरोबर बदलते, आणि पायरोमीटरला वेफरच्या मागची गरम चकतीही दिसत असते. थोडक्यात, मायक्रोवेव्हची खरी करामत ज्या चारशे ते सहाशेच्या टप्प्यात आहे, नेमक्या त्याच टप्प्यात मोजणं सर्वांत अवघड.

त्यातून एक जुना वाद अजून धुमसतो आहे. मायक्रोवेव्ह फक्त तापवतो, की तापवण्याच्या पलीकडे अणूंना आणखी काही करतो? रांचीत जन्मलेले आणि अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात नाव काढलेले रुस्तुम रॉय या 'आणखी काही'च्या बाजूचे खंदे शिलेदार. धातूला मायक्रोवेव्ह परतवून लावतो असं सगळे धरून चालले असताना, १९९९ साली त्यांच्या गटाने धातूच्या भुकटीचे ठोकळे मायक्रोवेव्हमध्ये पक्के भाजून 'नेचर'मध्ये छापले होते. दुसरी बाजू म्हणते, चमत्कार वगैरे काही नाही; तुमचा पायरोमीटर पाचशे सांगत होता तेव्हा एखादा डाग सातशेला होता, एवढंच. माझा कल निम्म्याहून थोडा जास्त या दुसऱ्या बाजूला. सगळेच चमत्कार मोजमापाच्या चुकीतून आले असतील, असंही मी म्हणत नाही. पण 'पाचशे अंशांना झालं' असं वाचलं की मी विचारते, पाचशे अंश कुठे? मधे? कडेला? की सरासरी?

या वर्षी दोन मुलांना प्रोजेक्टसाठी मायक्रोवेव्ह अ‍ॅनीलिंगच हवं होतं. पुण्याच्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, जुना मॅग्नेट्रॉन आणतो म्हणाले. मी आधी कपॅसिटरची भीती घातली, कारण वीज काढल्यावरही तो हात भाजण्यापुरता नव्हे, जीव जाण्यापुरता भार धरून ठेवतो. झाकण उघडायचं नाही, या बोलीवर प्रयोगशाळेतला जुना घरगुती ओव्हन दिला. आणि सांगितलं, सिलिकॉनचा तुकडा पुढच्या महिन्यात. आधी नकाशा. एटीएमच्या पावतीचा असतो तसला कागद ओला करून पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि आत ठेवायचा. तापेल तिथे काळा पडतो. एक मुलगा हिरमुसला. "मॅडम, मग प्रोजेक्ट कधी सुरू करायचा?" आता मात्र दोघंही त्यात बुडाले आहेत. टेबलावर काळ्या डागांचे कागद पसरलेले असतात, कडेला पेनाने उंची आणि वेळ लिहिलेली. एका उंचीवर डाव्या बाजूचा मोठा डाग दर वेळी येतो आणि उजवीकडचा येतच नाही. एकाचं म्हणणं, दाराकडून लहर जरा वेगळी परतते. दुसऱ्याचं म्हणणं, छे, लहर आत सोडणारं तोंडच उजव्या भिंतीत आहे, दाराचा काय संबंध. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पुठ्ठा पाव वळसा फिरवा. डाग कागदाबरोबर फिरला तर दोष तुमच्या ओलं करण्यात, जागेवर राहिला तर ओव्हनमध्ये. मग दारावर भांडा. उद्या दुपारी करून बघणार आहेत. कागदाचा रोल संपत आलाय, तो येताना मीच घेऊन जाईन म्हटलंय.